चाक जाम झालंय? आधी रेस देणं थांबव

अगं, आधी ती किल्ली बंद कर बघू. स्कूटर हलत नाही म्हणून तू रेस वाढवतेयस, पण मागचं चाक अडकलेलं असताना रेस दिलीस की क्लच घासत राहतो आणि जळतो. मग पान्यावर भागणारं काम हजारांवर जातं.

पावसाळाभर गाडी पार्किंगमध्ये उभी होती म्हणालीस ना, निम्मं उत्तर तिथेच आहे. मागच्या चाकात लोखंडी ड्रम असतो आणि ब्रेक दाबला की त्याला आतून टेकणारे दोन शू. दमट हवेत ड्रम गंजतो, शू त्याला धरून बसतात. त्यात तू ब्रेकचं लॉक लावून गावी गेलीस, म्हणजे शू सगळा वेळ दाबलेलेच. पावसाळ्यात गाडी मेन स्टँडवर ठेवावी, लॉक लावूच नये.

आत्ताही मेन स्टँडवर घे. इंजिन बंद असताना स्कूटरचं मागचं चाक हाताने फिरायला हवं. चाकाजवळ ब्रेकची वायर संपते तिथे एक नट आणि छोटा दांडा दिसेल. नट सैल कर. किती आटे फिरवलेस ते लक्षात ठेव. दांडा परतला आणि चाक सुटलं, तर दोष वायरीत किंवा जास्त आवळलेल्या ब्रेकमध्ये. वायर सैल होऊनही दांडा हलेना, तर शूंना ढकलणारा आतला कॅम गंजलाय. ते गॅरेजचं काम. दांडा मोकळा आणि तरी चाक घट्ट, तर शू चिकटलेत. मग गाडी स्टँडवरून उतरव आणि पुढे-मागे हिसके दे. बहुतेक वेळा कट्कन आवाज होऊन चाक सुटतं.

तेलाचा थेंबही आत सोडू नकोस, कुणी कितीही आग्रह करू दे. शूवरच्या लायनरला तेल लागलं की ब्रेक धरत नाही, आणि तू रोज उतारावरून जातेस.

पुढचं चाकही फिरवून बघ. २०१९च्या एप्रिलपासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना सीबीएस किंवा एबीएस बंधनकारक झालं. सीबीएस असेल तर डावा ब्रेक दोन्ही चाकांना लागतो, म्हणून पुढचंही बघायचं. कुठलंही चाक फिरतंय पण खरखरतंय, किंवा धरून हलवल्यावर डावी-उजवीकडे डुगडुगतंय, तर बेअरिंग गेलेलं असू शकतं. तशी गाडी चालवायची नाही.

सोसायटीतलं कुणीतरी "तुम्ही बाजूला व्हा, मी बघतो" म्हणेल. मदत जरूर घे, पण बाजूला होऊ नकोस. तुझी गाडी आहे, तुला ती कळायला हवी.

चाक सुटलं की नट मोजलेल्या आट्यांइतका आवळ, पण चाक पुन्हा अडकेल इतका नको. मग आवारातच हळू चालवून ब्रेक तपास. थोडं अंतर गेल्यावर हात ड्रमच्या जवळ ने, टेकवू नकोस. धग लागली तर शू अजून घासतायत. मग गॅरेजवाल्या दादांना सांग, "ब्रेक उघडून कॅम साफ करा, ग्रीस लावा आणि लायनर किती उरलेत ते मला दाखवा." चाक उघडेपर्यंत तिथेच थांब.