जमैकाचे ताट आणि तब्येत

ॲकी हे जमैकाचे राष्ट्रीय फळ. मूळचे पश्चिम आफ्रिकेतले हे झाड अठराव्या शतकात बेटावर आले आणि आज ॲकी व खारवलेला कॉड मासा हा तिथला राष्ट्रीय पदार्थ मानला जातो. फळ लाल असते. पिकले की ते झाडावरच उलते. आत फिकट पिवळे, मऊ गर आणि प्रत्येक गराच्या टोकाला चकचकीत काळी बी. खायचा तो एवढा गरच. बी विषारी असते आणि गराला चिकटलेला गुलाबी पापुद्राही सुरीच्या टोकाने काढून टाकावा लागतो. मग गर उकळतात आणि ते पाणी ओतून देतात. कढईत कांदा, टोमॅटो, पातीचा कांदा, थाइम आणि स्कॉच बॉनेट ही जहाल मिरची परतली जाते, त्यात उकडून सुटा केलेला मासा पडतो आणि ॲकी अगदी शेवटी, हलक्या हाताने. नाहीतर गरांचा लगदा होतो. तयार पदार्थ थेट अंड्याच्या भुर्जीसारखा दिसतो.

एवढा सोपस्कार उगाच नाही. न उललेल्या फळात हायपोग्लायसिन ए नावाचे द्रव्य भरपूर असते. ते शरीरात गेले की चरबी जाळून ऊर्जा मिळवण्याची आणि नवी साखर तयार करण्याची यकृताची वाट अडते. यकृतातला साखरेचा साठा संपला की रक्तातली साखर झपाट्याने उतरते. आधी उलट्या होतात, कधी मध्ये थोडा वेळ बरे वाटते, मग पुन्हा उलट्या, ग्लानी, झटके आणि बेशुद्धी. ताप बहुधा नसतो. कुपोषित मुलांना धोका सर्वांत जास्त, कारण त्यांच्या यकृतात साठाच मुळात कमी. ‘जमैकन व्हॉमिटिंग सिकनेस’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या आजाराचा ॲकीशी असलेला संबंध हॅरॉल्ड स्कॉट या डॉक्टरांनी १९१६ मध्ये मांडला. क्वाशिओरकोर या कुपोषणाच्या आजाराला वैद्यकात ओळख मिळवून देणाऱ्या, जमैकातच जन्मलेल्या डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला उलट्यांच्या या आजाराचा पुन्हा तपास केला, आणि १९५४ मध्ये तिथल्याच विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी विष वेगळे काढल्याचे जाहीर केले.

भारतीय वाचकाला हे प्रकरण परके वाटू नये. ॲकी, लिची आणि रिठा एकाच कुळातले. बिहारमधल्या मुझफ्फरपूरला लिचीच्या हंगामात लहान मुले दगावत. तिथल्या २०१४च्या साथीच्या अभ्यासात हेच हायपोग्लायसिन आणि त्याचे एक भावंड आढळले. दिवसभर लिची खाऊन रात्री न जेवता झोपलेल्या मुलांना धोका अधिक होता. उपायही दोन्हीकडे एकच : रक्तातली साखर तपासणे आणि ग्लुकोज देणे, तेही ताबडतोब. ॲकी खाल्ल्यावर उलट्या आणि ग्लानी आली तर ‘पोट बिघडले असेल’ म्हणत घरी थांबू नये.

अमेरिकेने १९७३ मध्ये ॲकीच्या आयातीवर बंदी घातली होती. पुढे तपासणीत उतरलेल्या उत्पादकांच्याच डब्यांना परवानगी मिळाली. लंडन, टोरोंटो किंवा न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी नामांकित कंपनीचा डबाबंद ॲकीच घ्यावा. कुणाच्या बागेतले ताजे फळ, विशेषतः हाताने फोडून उघडलेले, खाऊ नये.

बम्मी या भाकरीची गोष्टही अशीच. ती कसावाची असते, म्हणजे ज्या कंदापासून भारतात साबुदाणा होतो त्याची. कडू कसावातून सायनाइड सुटते. बेटावरचे मूळ रहिवासी, टाइनो लोक, कंद किसून, पिळून, विषारी रस काढून मग भाजत. हीच पद्धत आजही चालते. विषाचा प्रश्न मिटला, पण बम्मी पुढे नारळाच्या दुधात भिजवून तळली जाते. वजन कमी करायचे असेल त्यांनी ती तव्यावर शेकून घ्यावी.

आजच्या जमैकाला खरा त्रास विषाचा नाही, मिठाचा आहे. देशात साधारण दर तीन प्रौढांमागे एकाला उच्च रक्तदाब असल्याचे तिथल्या राष्ट्रीय पाहणीत दिसले. ॲकीसोबतचा खारा कॉड मुळात बेटावरचा नाही. उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांसाठी स्वस्त आणि टिकाऊ अन्न म्हणून तो उत्तर अटलांटिकमधून येत असे. गुलामी संपली, चव राहिली. प्रौढाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा चमचाभरही नाही, एवढेच मीठ जागतिक आरोग्य संघटना सांगते. मासा रात्रभर भिजत घालावा, पाणी दोन-तीनदा बदलावे, उकळून ते पाणीही फेकावे आणि नंतर वरून मीठ घालू नये. तरीही रक्तदाबाचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण असतील त्यांनी हा पदार्थ सणावारापुरता ठेवावा. त्याजागी ताजा मासा चालतो. सूपमध्ये टाकायच्या तयार मसाला-वड्यांतही मीठ भरपूर असते, आणि ते कुणी मोजत नाही.

रविवारच्या जेवणात राइस अँड पीज हवाच. यातले ‘पीज’ म्हणजे बहुधा राजमा, नाताळच्या सुमारास तुरीचे हिरवे दाणे. नारळाच्या दुधात तांदूळ शिजतो, वर अख्खी मिरची ठेवतात, ती फुटू द्यायची नसते. तांदूळ आणि कडधान्य एकत्र आले की प्रथिने परस्परांना पूरक ठरतात, हे वरण-भात खाणाऱ्याला सांगायला नको. मात्र कच्च्या राजम्यात आतडी बिघडवणारे लेक्टिन असते. राजमा भिजवून, ते पाणी टाकून, निदान दहा मिनिटे खळखळ उकळलाच पाहिजे. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात तो थेट घालणे धोक्याचे. मधुमेह असलेल्यांनी यात राजमा वाढवावा, तांदूळ कमी करावा. नारळाचे दूध निम्मे केले तरी चव फारशी बिघडत नाही.

सोबतीला येणारी करी गोट ही भारतीयांची देणगी. १० मे १८४५ रोजी ‘ब्लंडेल’ जहाजातून भारतीय मजुरांची पहिली तुकडी ओल्ड हार्बरला उतरली. ही माणसे मुख्यतः उत्तर भारतातली होती. बकऱ्याच्या मटणात गोमांसापेक्षा संपृक्त चरबी कमी, त्यामुळे बैलाच्या शेपटीच्या रश्श्यापेक्षा ही करी बरी. शेपटीचा रस्सा चविष्ट खरा, पण चरबीने जड. तो आदल्या दिवशी करून गार झाल्यावर वर गोठलेला थर काढून टाकावा. निखाऱ्यावर भाजतात त्या जर्क चिकनचा मसाला मुख्यतः ऑलस्पाइस आणि स्कॉच बॉनेटचा. त्यात वाईट काही नाही. निखाऱ्यावर काळा पडलेला भाग तेवढा कापून टाकावा, कारण करपलेल्या मांसात कर्करोगाशी जोडली गेलेली संयुगे तयार होतात.

या ताटातली सर्वांत गुणी गोष्ट म्हणजे कॅललू. ती माठाच्याच कुळातली पालेभाजी. लोह, फोलेट आणि के जीवनसत्त्व यांनी भरलेली. रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन घेणाऱ्यांनी ती एकदम जास्त खाऊ नये, नेहमीचे प्रमाण सारखे ठेवावे. बाकी सर्वांनी भरपूर खावी.

याम, कच्ची केळी, रताळी, अळकुड्या आणि नीरफणस हे जमैकन माणसाचे रोजचे पोटभरीचे अन्न. वेस्ट इंडीज विद्यापीठातल्या अभ्यासांत असे दिसले की रताळे उकडले तर रक्तातली साखर कमी चढते, भाजले तर जास्त. मधुमेहात उकडलेले, तेही मुठीएवढे, पुरे. ‘फेस्टिव्हल’ नावाचे मक्याच्या पिठाचे गोड तळलेले गोळे आणि कंडेन्स्ड मिल्क घातलेली मक्याची लापशी यांना मधुमेहात जागा नाही.

नाताळचे सॉरेल लाल अंबाडीच्या बोंडांचे करतात, त्यात आले आणि बहुधा रम. साखरेविना ते उत्तम पेय आहे. अंबाडीने रक्तदाब थोडा उतरतो असे प्रयोगांत दिसले आहे. पण प्रत्यक्षात त्यात साखर ओततात, आणि मग उरते ते सरबत.

‘रक्त शुद्ध’ करायला पितात तो सेरासीचा कडू काढा रानकारल्याच्या वेलाचा. कारल्याने साखर उतरू शकते, म्हणूनच इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असलेल्यांनी तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. गर्भवतींनी तर मुळीच नाही.