घरकुलाच्या अर्जातले शब्द



आपल्या सौंसर भागात घरोघरी मराठी बोलली जाते, पण पंचायतीचे आणि तहसीलीचे कागद हिंदीत येतात. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत शेजारचा नागपूर जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा मध्यप्रदेशात राहिला, त्याचा हा परिणाम. (सौंसर व पांढुर्णा मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा ५ ऑक्टोबर २०२३ रोजी झाला.) काटोल, नरखेड, सावनेरकडचे आपले नातलग ज्याला घरकुल म्हणतात, तेच इकडे ‘आवास’. त्यांचा लाभार्थी तो आपला ‘हितग्राही’, त्यांचा हप्ता ती आपली ‘किश्त’, त्यांची पंचायत समिती ती आपली ‘जनपद पंचायत’. तिकडे सातबारा मागतात, इकडे खसरा-खतौनी. म्हणून नागपूरकडच्या मामांचा सल्ला चांगला असला तरी त्यांनी सांगितलेले कागद इकडे चालतीलच असे नाही. दहावीपर्यंत शिकलेल्या मुलामुलींनी घरातला असा अर्ज वाचून समजावून सांगता यावा, यासाठी हा पाठ.

‘विकासखंड’ हा शब्द आपण रोज ऐकतो. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा गावांचे गट पाडून त्यांना ब्लॉक म्हटले गेले. विकासखंड म्हणजे तोच ब्लॉक.

खेड्यातील घरांसाठी १९८५-८६ मध्ये इंदिरा आवास योजना आली. १ एप्रिल २०१६ पासून तिच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली. सपाट प्रदेशात एका घराला १ लाख २० हजार रुपये, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. यातले ६० टक्के केंद्राचे, ४० टक्के राज्याचे. घर स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटरचे हवे. ही रक्कम ‘अनुदान’ आहे, म्हणजे परत करायची नाही. हवे असल्यास ७० हजारांपर्यंत बँकेचे कर्ज घेता येते, पण ते कर्ज आहे आणि घेण्याची सक्ती नाही. अनुदान व कर्ज यांतला हा फरक घरच्या वडीलधाऱ्यांना आवर्जून सांगावा.

आता सर्वांत अवघड शब्द, ‘कच्चा मकान’. आपण म्हणू, गळते ते कच्चे. सरकारी व्याख्या तशी नाही. २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेत गवत, बांबू, माती, प्लास्टिक आणि हाताने घडवलेली कवेलू हे छत कच्चे धरले. टीन आणि यंत्रावर केलेली कवेलू पक्क्यात मोजली. या गणनेवरून योजनेची यादी तयार झाली आणि छत किंवा भिंत यांपैकी एक जरी पक्के असेल तरी ते कुटुंब वगळले गेले. म्हणजे मातीच्या भिंतीवर पावसाच्या भीतीने कुणी चार टीनपत्रे टाकली असतील, तर त्याच पत्र्यांनी त्याचे नाव कटले. माझ्या मते ही व्याख्या गरिबाच्या काटकसरीवरच उठली. दुचाकी असणे हेही पूर्वी वगळण्याचे कारण होते. २०२४ मध्ये ती अट काढली आणि महिन्याच्या मिळकतीची मर्यादा १० हजारांवरून १५ हजार केली. त्यामुळे जुन्या कारणाने नाव कटलेल्यांनी आपले कारण पुन्हा तपासून पाहावे.

दुसरा शब्द ‘पट्टा’. घराला पैसे मिळतात, पण घर उभे कुठे राहणार? ‘आबादी’ म्हणजे गावातली वस्तीची जमीन. महाराष्ट्रात तिला गावठाण म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहूनही अनेकांकडे कागद नव्हता. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने आबादीची मोजणी करून ‘अधिकार अभिलेख’ देणे सुरू झाले. ज्यांच्याकडे जागाच नाही त्यांच्यासाठी मध्यप्रदेश शासनाने २०२१ मध्ये मुख्यमंत्री आवासीय भू-अधिकार योजना आणली. तीत कमाल ६० चौरस मीटरचा भूखंड पती-पत्नीच्या संयुक्त नावाने मिळतो.

‘किश्त’ समजली नाही तर घर जोत्यावरच थांबते. सगळे पैसे एकदम येत नाहीत. पहिली किश्त मंजुरीनंतर. पुढच्या किश्ती पाया, भिंती, छत असे काम चढत जाईल तशा. प्रत्येक टप्प्याचा फोटो जागेच्या नोंदीसह काढला जातो, यालाच जिओटॅग म्हणतात. पहिली किश्त लग्नात किंवा बियाण्यात खर्च झाली तर जोता होत नाही, फोटो होत नाही आणि दुसरी किश्त येत नाही. पैसे हितग्राहीच्याच खात्यात येतात. घर त्यानेच बांधायचे असते, ठेकेदार नेमायचा नाही असा नियम आहे.

सौंसर, पांढुर्णा, लोधीखेडा, मोहगाव, पिपला नारायणवार येथे नगरपालिका किंवा नगर परिषद असल्याने तिथे जून २०१५ मध्ये सुरू झालेली शहरी योजना लागू होते. तिचा दुसरा टप्पा २०२४ मध्ये आला. तिच्यातल्या ‘ईडब्ल्यूएस’ गटाची वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख आहे. नोकरी व प्रवेशाच्या १० टक्के आरक्षणातले ईडब्ल्यूएस निराळे, तिथे मर्यादा ८ लाख. एकाचे प्रमाणपत्र दुसऱ्याच्या अर्जाला जोडू नये.

गावची यादी ग्रामसभेपुढे ठेवावी लागते. कारण चुकीचे वाटले तर ते तिथेच लेखी मांडता येते आणि पुढे जिल्ह्याच्या अपील समितीकडे जाता येते. त्या वेळी ‘कट गया’ एवढ्यावर न थांबता नाव कोणत्या कारणाने वगळले, हे सचिवांना विचारावे आणि घराचा फोटो व जागेचा कागद सोबत ठेवावा.