मोटारीचा रंग

वालूर हे परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्याचे गाव. पोळा जवळ आला की तेथे बैलांची शिंगे साळतात व मगच ती रंगवितात. न साळलेल्या शिंगावर रंग धरत नाही, हे तेथील एका मुलास ठाऊक होते. तरीही मामाने दिलेल्या, रेडिओ-लहरींवर धावणाऱ्या मोटारीच्या वेळी तो ते विसरला. दगडांवर आपटून विटलेल्या त्या मोटारीस त्याने दाराचा उरलेला तैलरंग फासला. दोनच दिवसांत रंगाचे पोपडे निघाले. बिचाऱ्याचे तोंड उतरले.

अशा मोटारींचे कवच पुष्कळदा पॉलिकार्बोनेटचे असते. हे पारदर्शक व चिवट प्लॅस्टिक १९५३ साली जर्मनीत हेर्मान श्नेल यांनी शोधले. ते धक्क्याने वाकते. कडक रंग मात्र वाकत नाही, तडकतो. म्हणून जाणते लोक असे कवच आतून रंगवितात. ओरखडे बाहेर पडतात, रंग आत सुखरूप राहतो.

बाहेरूनच रंगवावयाचे, तर कवच साबणाने धुवावे, ओल्या बारीक पॉलिशकागदाने चकाकी जाईपर्यंत घासावे. मग प्लॅस्टिकसाठीच केलेला लवचीक रंग पातळ थरांनी, प्रत्येक थर वाळू देऊन, मोकळ्या हवेत द्यावा. घाई येथे फार नडते. थिनरने पुसणे तर नकोच. प्लॅस्टिकला चिरा पडतात.

मुलाने पोपडे खरवडले आणि पुन्हा आरंभ केला. पोळ्याच्या दिवशी बैल तोरणाखालून गेले. त्यांच्यामागून ती तांबडी मोटारही गेली. तिच्या डाव्या बाजूस रंगाचा एक ओघळ राहिला होता.