रेझ्युमे आधी यंत्राच्या हाती पडतो

कॉलेजच्या प्लेसमेंट विभागात मुलामुलींचे रेझ्युमे तपासता तपासता काही गोष्टी पक्क्या झाल्या, त्या अशा :

१. यंत्राला देखणेपण कळत नाही. पोर्टलवर फाइल चढवली की सॉफ्टवेअर तिच्यातला मजकूर उपसून नाव, शिक्षण, अनुभव अशा रकान्यांत भरतं. दोन कॉलमांच्या नमुन्यात काही वेळा डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीला चिकटते आणि ‘बी.कॉम.’पुढे ‘छंद : ट्रेकिंग’ येतं. फोन नंबर हेडरमध्ये टाकू नये. काही सॉफ्टवेअर हेडर वाचतच नाहीत. सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे जे दिसेल, साधारण तेच यंत्राच्या पदरात पडतं.

२. नोटपॅडमध्ये काहीच आलं नाही, तर समजा की फाइल म्हणजे नुसता फोटो आहे. हे फार होतं. मुलं छान टाइप करतात, प्रिंट काढतात, खाली ‘वरील माहिती खरी आहे’ लिहून सही ठोकतात आणि मोबाइलवर स्कॅन करून पाठवतात. खासगी नोकरीसाठी ती सही सहसा कुणी मागत नाही. वर्डमधून थेट पीडीएफ करा; जाहिरातीत वर्ड फाइल मागितली असेल तर तीच द्या.

३. दहावीच्या गुणपत्रिकेवर आपलं आडनाव आधी असतं. तसंच रेझ्युमेवर उतरवलं की ‘पाटील सुनीता रमेश’चं पहिलं नाव ‘पाटील’ होतं आणि कंपनीचा मेल ‘डिअर पाटील’ म्हणून येतो. फॉर्म आपोआप भरला गेला तरी प्रत्येक रकाना डोळ्यांखालून घाला.

४. शब्द जाहिरातीतलेच वापरा. तिथे ‘जीएसटी रिटर्न’, ‘टॅली’, ‘बँक रिकन्सिलिएशन’ असेल आणि तुम्ही ‘हिशोबाची सर्व कामं’ लिहिलंत, तर शोधणाऱ्याला तुम्ही सापडणार कसे? अर्थात, केलेलं काम असेल तरच. पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवून पेरायची युक्ती कुणी सांगितली तर कानाआड करा. मजकूर उपसला की ती अक्षरं उघडी पडतात.

५. ‘कॉम्प्युटरनेच नापास केलं’ ही तक्रार मला अर्धीच पटते. बऱ्याचदा चाळणी लागते ती फॉर्ममधल्या प्रश्नांनी : नोटिस पिरियड किती, अनुभव किती वर्षांचा, पुण्याबाहेर जाल का. रेझ्युमेवर रात्र रात्र घालवणारी मुलं हे प्रश्न मात्र बसमध्ये उभ्या उभ्या भरतात.

६. वडिलांचा व्यवसाय, धर्म, वैवाहिक स्थिती काढून टाका. रेझ्युमे म्हणजे लग्नाचा बायोडेटा नव्हे.

७. रेझ्युमे मराठीत मागितला असेल तर युनिकोडमध्येच टाइप करा. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर नोटपॅडमध्ये नुसती अगम्य चिन्हं होऊन पडतो.

८. बँकांच्या भरतीचा न्याय वेगळा. आयबीपीएसच्या अर्जात रेझ्युमेची चढाओढ नाही, तिथे मापं बघतात : फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी, पांढऱ्या कागदावर काळ्या शाईची. सही कॅपिटल अक्षरांत चालत नाही. नव्या भरतीच्या जाहिरातीत मापं पुन्हा बघावीत, आणि अर्ज शेवटच्या रात्रीवर ठेवू नये. तेव्हा सर्व्हर रांगतो.