पाठ-टाचण : बिब्बा – ओळख व सावधगिरी

(इयत्ता चौथी, परिसर अभ्यास. वेळ : ३५ मिनिटे)



हिवाळा लागला की रानातील बिब्बे पिकू लागतात व वेचणारे रानात जातात. मारुंजी हे मुळशी तालुक्यातील गाव हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान वसाहतीला लागून आहे. तेथील वर्गात गावकऱ्यांची व परप्रांतांतून आलेल्या कुटुंबांची मुले एकत्र बसतात. कोणाच्या आजीच्या डब्यात बिब्बा असतो, तर कोणी त्याचे नावही ऐकलेले नसते. म्हणूनच हा पाठ घ्यावा.

हेतू : बिब्ब्याची रचना व उपयोग समजावून देणे, अनोळखी रानफळ न हाताळण्याची सवय लावणे.

साधने : बुचाच्या काचेच्या बाटलीत ठेवलेले दोन अखंड बिब्बे, सोललेला काजू, फळ्यावरील आकृती. बाटली उघडू नये.

प्रस्तावना : ‘बिब्बा घालणे’ म्हणजे काय, हे विचारावे. चालत्या कामात विघ्न आणणे, असे उत्तर येईल. या फळाच्या वाट्याला असा वाक्प्रचार का आला असावा, हा प्रश्न पाठ संपेपर्यंत खुला ठेवावा.

निवेदन : बिब्बा हा आंबा, काजू व चारोळी यांच्या कुळातील वृक्ष होय. संस्कृतात त्यास भल्लातक व हिंदीत भिलावा म्हणतात. काजूप्रमाणेच त्याची बी मांसल, नारिंगी देठफळाच्या टोकाशी असते. देठफळ वाळवून किंवा भाजून खातात. बी पिकल्यावर काळी व तुकतुकीत होते. तिच्या कवचात दाहक तेल असते. हवा लागताच ते काळे पडते. चुन्याच्या योगाने त्याची खूण कापडावर पक्की बसते. म्हणून परीट कपड्यांवर खुणा करण्यास ते वापरीत. आतील गर म्हणजे गोडंबी. ती बाळंतिणीच्या लाडवांत घालतात. विदर्भात बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या स्त्रियांचे हात या तेलाने भाजतात व काळवंडतात. उत्तर अमेरिकेत शरद ऋतूत काळे अक्रोड वेचणाऱ्यांचे हातही सालीच्या रसाने काळपट होतात. परंतु तो मुख्यतः डाग असतो. बिब्बा मात्र कातडीवर फोड आणतो.

अनुभव : १९९६ साली मी एका शाळेत नवा शिक्षक होतो. “गुरुजी, आतली गोडंबी दाखवा ना,” असे एक मुलगा म्हणाला. मी बिब्बा दगडाने ठेचला. तेलाचा थेंब त्याच्या गालावर उडाला. मी तो रुमालाने पुसला व पाठ पुढे चालविला. दुसऱ्या दिवशी त्याचे डोळे सुजून मिटले होते. त्याची आई शाळेत आली. “आम्ही घरी पोरांना हात लावू देत नाही, गुरुजी; तुमच्या वर्गात लागला,” एवढेच ती म्हणाली. मुलगा बरा झाला. पण चूक माझीच होती. पुसल्याने तेल पसरते, हे मला ठाऊक नव्हते.

दक्षता : बिब्बा फोडू नये, जाळू नये, त्याचा धूरही बाधतो. तेल लागल्यास तो भाग लगेच साबणाने व भरपूर पाण्याने धुवावा. खाजवू नये, तो हात डोळ्यांस लावू नये. फोड कधी एकदोन दिवसांनीही उठतात. म्हणून पालकांस त्याच दिवशी कळवावे व मुलास डॉक्टरांकडे न्यावे.

स्वाध्याय : घरी बिब्बा कोठे व कशासाठी ठेवतात, हे मुलांनी आजीस विचारून लिहावे. बिब्बा मात्र शाळेत आणू नये, हे फळ्यावर ठळक लिहून ठेवावे.