रीडर बंद पडला की आधी फाईल बघ

दुकान आता तू सांभाळणार, तर हे नीट ऐकून ठेव. पीडीएफ उघडताना रीडर धाडकन बंद झाला, की लगेच तो काढून पुन्हा टाकायच्या मागे लागू नकोस. आधी दुसरी एखादी फाईल उघड. ती उघडली, तर दुखणं पहिल्या फाईलीत आहे. एकही फाईल टिकत नसेल, तरच रीडरकडे वळ.

फाईल बिघडते ती बहुतेक वेळा उतरवतानाच. कुठलं पान कुठे आहे याची यादी पीडीएफच्या अगदी शेवटी असते. विरार लोकलच्या गर्दीत नेट तुटलं, की नेमका तोच भाग यायचा राहतो. म्हणून गिऱ्हाइकाला फाईल परत उतरवायला सांग. पेन ड्राइव्हवरून थेट उघडू नकोस, आधी कॉम्प्युटरवर कॉपी घे. मग क्रोममध्ये किंवा फायरफॉक्समध्ये बघ. पीडीएफ २००८ पासून आयएसओचं खुलं मानक आहे, ती वाचायला एकाच कंपनीचा प्रोग्राम लागत नाही. काही सरकारी फॉर्म मात्र काही ब्राउझरमध्ये ‘प्लीज वेट’ एवढंच दाखवतात. त्यांना अ‍ॅडोबीचा रीडर लागू शकतो, फाईल खराब नसते.

सातबारा जास्त जपायचा. महाभूमीवरून १५ रुपये भरून घेतलेल्या उताऱ्यावर डिजिटल सही असते. रीडर चालत नाही म्हणून ब्राउझरमधून ‘प्रिंट टू पीडीएफ’ केलंस, तर नवी फाईल दिसेल तशीच, पण तिच्यातली सही गेलेली असेल. मूळ फाईलीला हात लावू नकोस, खटपट कॉपीवर कर. आणि फाईल दुरुस्त करून देतो म्हणणाऱ्या वेबसाइटवर कुणाचा आधार, कुणाच्या जमिनीचा उतारा चढवायचा नाही. वसईत गुंठ्यागुंठ्यावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात; लोक विश्वासाने कागद आपल्या हातात देतात.

आता रीडरच पडत असेल तर. काल-परवा काय बदललं ते आठव. नवा प्रिंटर जोडला? अँटिव्हायरस टाकला? प्रिंटरचा संशय कुणाला येत नाही, पण डिफॉल्ट प्रिंटरचा ड्रायव्हर बिघडला की रीडर अडकू शकतो. ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ हा डिफॉल्ट करून बघ. तरी पडला, तर प्रेफरन्सेसमध्ये पेज डिस्प्ले उघड आणि टू-डी ग्राफिक्स अ‍ॅक्सेलरेशनची खूण काढ. त्यानंतर हेल्प मेनूतलं रिपेअर इन्स्टॉलेशन. एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून शोधत बसशील.

प्रोटेक्टेड मोड अँटिव्हायरसशी जुळत नसला तरी रीडर बंद पडतो. तो तपासण्यापुरता बंद कर आणि लगेच चालू कर. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या कुणाच्याही फाईली आपण दिवसभर उघडतो. एखादीत काही घातक असलं, तर ते बाकीच्या कॉम्प्युटरपर्यंत जाऊ न देण्याचं काम तोच करतो.

अंदाज बांधत बसण्यापेक्षा विंडोजच्या शोधपट्टीत ‘रिलायबिलिटी’ टाईप कर. कुठल्या दिवशी काय कोसळलं ते तारीखवार लाल फुल्यांनी दिसतं. फुलीच्या तपशिलात ‘फॉल्ट मॉड्यूल नेम’ असतं. तिथे प्रिंटरच्या किंवा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचं नाव निघालं, तर आधी तो ड्रायव्हर नवा टाक.

आपल्याकडे पावसाळ्यात विजेचा भरवसा नाही. २०१८ च्या जुलैत वसई-विरार पाण्यात गेलं तेव्हा किती भाग अंधारात होता, तुला आठवत असेल. वीज अचानक गेली की रीडरची सेटिंगची फाईल अर्धीच लिहिली जाऊ शकते, आणि मग तो उघडताक्षणी मिटतो. अशा वेळी अ‍ॅपडेटामधल्या अ‍ॅक्रोबॅटच्या फोल्डरचं नाव बदल, पुसू नकोस. रीडर नवा फोल्डर स्वतः तयार करतो. यूपीएसची बॅटरी मे महिन्यातच तपासून घे, जूनमध्ये दुकानदाराकडे रांग असते.