न बोलणाऱ्या वेदनेवरील उपाय : टाळूची शस्त्रक्रिया आणि नर्व्ह ब्लॉक

जगात साधारणतः ७०० नवजात बालकांमागे एकाचा ओठ किंवा टाळू जन्मतः दुभंगलेली असते. २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाल्यापासून अंगणवाडीतील तपासणीत या व्यंगाचीही नोंद होते. त्यामुळे यवतमाळ जिल्ह्यातील झरी-जामणी, मारेगाव यांसारख्या दूरच्या तालुक्यांतील पालकांनाही उपचाराची वाट सापडू शकते. पुढे उच्चार स्पष्ट व्हावेत म्हणून टाळूची शस्त्रक्रिया बहुधा ९ ते १८ महिन्यांच्या वयात करतात. या वयाचे मूल आपली वेदना शब्दांत सांगू शकत नाही.

तान्ह्या बालकांना वेदना फारशी जाणवत नाही, असा एके काळी वैद्यकातही समज होता. इंदूर येथे शिकलेले डॉ. कन्वलजीत आनंद यांचे ऑक्सफर्डमधील संशोधन १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्या समजाला मोठा धक्का बसला.

टाळूच्या शस्त्रक्रियेनंतर वेदनाशमन हे नाजूक काम आहे. मॉर्फिनवर्गीय औषधांनी श्वास मंदावू शकतो, आणि सुजेमुळे श्वसनमार्ग आधीच अरुंद झालेला असतो. वेदना तशीच राहू दिली, तर मूल रडते व दूध-पाणी नाकारते.

येथे नर्व्ह ब्लॉक उपयोगी पडतो. मूल पूर्ण भुलीखाली असतानाच टाळूच्या मागील भागातील नसांजवळ, अथवा गालाच्या हाडाच्या वरील बाजूने वरच्या जबड्याच्या मुख्य नसेजवळ, दोन्ही बाजूंस बधिरतेचे औषध देतात. बुपिव्हाकेन हे औषध वापरल्यास प्रतिकिलो सुमारे २.५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा पाळतात. म्हणजे ८ किलोच्या बालकास २० मिलिग्रॅमहून अधिक नाही. त्यामुळे कित्येक तास आराम मिळतो व मॉर्फिनची गरज घटते. ब्लॉकचा परिणाम ओसरण्यापूर्वीच वेळापत्रकानुसार पॅरासिटामॉल सुरू ठेवावे लागते.

मातापित्यांचा वाटाही मोठा आहे. बाळाचा चेहरा, पायांची ओढाताण, रडणे आणि कुशीत घेतल्यावर शांत होणे, यांवरून वेदना ओळखता येते. बोटे वा कठीण वस्तू तोंडात जाऊ देऊ नयेत. श्वासाला त्रास किंवा तोंडातून रक्त दिसल्यास परिचारिकेस तत्काळ बोलवावे.

या उपचारातील औषध फारसे महाग नाही. प्रशिक्षित भूलतज्ज्ञ, प्राणवायूचे प्रमाण दर्शविणारे यंत्र आणि रात्रभर जागी असणारी परिचारिका हीच त्याची खरी किंमत होय. दात्यांचे साहाय्य येथेच मोलाचे ठरते.